पाच नंबरची व्हायल

सहाणेवर जायफळ फिरल्याची खरखर ऐकू आली आणि मी मान वर केली. तोवर घर अगदी गप्प होतं. राही नुकतीच पिऊन माझ्या मांडीवर झोपली होती, आणि मी एका हातानं फोनवरचा फोटो मोठा करून बघत होते. गुलाबी पाण्यात बारा पांढुरके गोळे. भिजवलेल्या हरभऱ्याएवढे, गुबगुबीत. खाली हेमांगीनं लिहिलं होतं, ‘ताई, आज शंभरावा दिवस. बघा की कसे भरल्यात.’

“कुणाचा गं फोटो?” सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

“लॅबमधली हेमांगी आहे ना, तिनं पाठवलाय.”

“टोपरंवाली? रविवारीसुद्धा कामाला जाते पोर. गुणाची आहे.” आणि त्या पुन्हा वळसे मोजायला लागल्या. हळकुंडाचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. राहीची गुटी.

मी फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. बारा गोळे पुन्हा मोजले. एखादा तरी काळा पडलेला असेल, असं वाटत होतं. एकही नव्हता.

ते गोळे माझे होते. म्हणजे तीन वर्षं माझे होते. इस्लामपूरच्या एका घरातल्या दोन मुलांचं रक्त मी स्वतः जाऊन आणलं होतं. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, धडधाकट. धाकटी चार वर्षांची, तिचं डोकं लहान राहिलेलं, अजून मान नीट धरत नव्हती. त्या रक्तातल्या पेशींना आम्ही मागे नेत होतो, इतकं मागे की त्या पुन्हा मूलपेशी व्हाव्यात, ज्यांतून शरीरातलं काहीही घडू शकतं. मग त्यांतून मेंदूच्या ऊतीचे बारके गोळे वाढवायचे. पोटातल्या बाळाचा मेंदू पहिल्या काही महिन्यांत कसा घडतो, ते त्यांत बघायला मिळतं. त्यांना काही कळत नाही, दुखत नाही. हे मी घरच्या प्रत्येक लग्नात कुणा ना कुणाला समजावलेलं आहे. पेशंटची नावं लॅबमध्ये घ्यायची नसतात, म्हणून आम्ही डिशवर नुसतं ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ लिहायचो.

भावाचे गोळे हरभऱ्याएवढे व्हायचे. बहिणीचे साबुदाण्यावर अडायचे, आणि दोन महिन्यांत आतून काळे पडायचे. दिवसाआड त्यांचं पाणी बदलायचं, म्हणजे आमच्या भाषेत खायला घालायचं. दिवाळी नाही, रविवार नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हाताला मेंदी लावायच्या आधी मी त्यांना खायला घालून आले होते. बहिणीचे गोळे वाढावेत म्हणून पाण्यात काय काय घालून बघायचं, याची वीस नावांची यादी मी केली होती. नवव्या नावापर्यंत पोचले होते तेव्हा मला सातवा महिना होता, आणि डॉक्टरांनी उद्यापासून पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं.

काम हेमांगीकडे गेलं. हेमांगी इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर. लॅबमध्ये येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. मी तिला पिपेट धरायला शिकवलं होतं. रजेच्या दिवसांत ती रोज एकदा तरी फोन करायची. ताई, हे कुठं ठेवलंय, ताई, हे किती घालू. मी राहीला पाजता पाजता ‘हो’, ‘नको’, ‘तुझं तू बघ’ एवढंच बोलायचे. बारशाच्या आधी तिनं विचारलं होतं, “डोक्याचा घेर किती आला, ताई?” आमच्या लॅबमधली माणसं बाळाचं वजन विचारत नाहीत, घेर विचारतात. मी चौतीस म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मग साडेपस्तीसचं विणते, वाढणार की. बारशाला पिस्त्याच्या रंगाचं टोपरं घेऊन आली. इतकी एकसारखी वीण की बायका ते हातोहात फिरवत होत्या. सगळ्या गेल्यावर मी ते कपाटाच्या वरच्या खणात टाकलं. सासूबाईंना म्हटलं, लोकर टोचेल तिला. ते लोकरीचं नव्हतंच, सुती दोऱ्याचं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ती बातमी आली. माझ्या यादीतलं चौदावं नाव हेमांगीनं पाण्यात घातलं होतं आणि बहिणीचे गोळे वाढायला लागले होते. साबुदाण्यावर अडले नाहीत. काळे पडले नाहीत. आमच्या लॅबच्या प्रमुख सबनीस मॅडम कुणाचं कौतुक करताना कधी दिसायच्या नाहीत. त्या मला फोनवर म्हणाल्या, “हिच्या हाताला यश आहे, वृंदा.”

यादी माझी होती. पण यादीला कुणी यश म्हणत नाही.

मी कामावर परतले तेव्हा राही पाच महिन्यांची होती. शोधनिबंधावर हेमांगीचं नाव पहिलं आणि माझं दुसरं, हे ठरून गेलं होतं. मार्चमध्ये बंगळुरूच्या परिषदेत हेमांगीच बोलणार होती. तिनं माझी खुर्ची पुसून ठेवली होती, पेनं होती तशी ठेवली होती. मला ती पेनं फेकून द्यावीशी वाटली. हूडसमोर, म्हणजे पेशींचं काम करायच्या काचेच्या कपाटासमोर, बसले तर माझा हात जड झालेला. ती शेजारी उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. त्यापेक्षा टोकली असती तर बरं झालं असतं.

आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अलकाताई आल्या. त्या दोन मुलांची आई. मुलीला तपासणीला पुण्यात आणलं होतं, तशाच लॅबमध्ये आल्या. मुलगी कडेवर झोपलेली. तीन वर्षांपूर्वी रक्त द्यायला याच बाई तयार नव्हत्या. मी त्यांच्या ओट्यावर दोन तास बसले होते, त्यांनी दिलेला गोड मिट्ट चहा दोनदा प्याले होते, तेव्हा कुठे हो म्हणाल्या. त्या दिवशी त्या माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या आणि सरळ हेमांगीकडे गेल्या. फोनवर त्यांचं बोलणं व्हायचं म्हणे.

हेमांगीनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. दाखवायला नको होतं. मॅडम आत मीटिंगमध्ये होत्या, आणि मी अडवलं नाही. अलकाताई एक डोळा मिटून बघत राहिल्या.

“हे हिचे?”

“हिच्या रक्तापासनं केलेले.”

“वाढतंय म्हणायचं?”

“या डिशमध्ये वाढतंय, ताई. अंगात वाढायला अजून लई वर्षं हायत. आशा लावून घेऊ नका.”

अलकाताईंनी डोळा काढला नाही. नुसता हात मागे केला आणि हेमांगीचा हात धरला. मी दारात उभी होते, हातात दुधाची पिशवी, पंपानं काढून फ्रीजमध्ये ठेवायला निघालेली. ते दोन हात मला अजून दिसतात.

तर त्यानंतरचा हा रविवार. शंभरावा दिवस, बारा गोळे, आणि सहाणेवरची खरखर. सासूबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. जिभेचं टोक चाटत होत्या.

“तुम्ही का घेताय गुटी?” मी विचारलं.

“जायफळ नवीन आहे, परवा वाण्याकडनं आणलेलं. आधी आपल्या जिभेवर लावून बघायचं. डबी तीच आहे म्हणून आतलं तेच असेल, असं थोडंच आहे?”

त्यांनी राहीसाठी म्हणून सांगितलं. मी ते उचललं आणि भलतीकडे नेलं. हेमांगीनं औषध न घातलेले गोळे चार नंबरच्या व्हायलमधून वाढवले होते आणि औषध घातलेले पाच नंबरच्या. व्हायल म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी, तिच्यात पेशी गोठवून ठेवतात. नवी व्हायल काढली की आतल्या पेशी त्याच माणसाच्या आहेत ना, याची डीएनए टेस्ट करून घ्यायची, असा आमचा नियम. पाचची टेस्ट फाइलमध्ये मला कुठेच दिसली नव्हती.

नसू दे, काहीतरी चुकलेलं असू दे. झोपलेल्या बाळाच्या केसांतून बोटं फिरवत मी हे मागत होते.

सोमवारी हेमांगी जेवायला गेली तेव्हा मी बहिणीच्या डिशमधले थोडे कण काढले आणि टेस्टला पाठवले. तिला सांगितलं नाही. मॅडमना मेलवर कळवलं, ‘निबंध पाठवण्यापूर्वी खात्री असावी म्हणून.’ किती शहाणं वाक्य. ते लिहून मी दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं.

आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी हेमांगीशी फार गोड वागले. डब्यातलं भरलं वांगं दिलं. तिनं राहीचा फोटो मागितला, तो दाखवला. “कान तुमच्यावर गेलेत,” ती म्हणाली.

नवव्या दिवशी मॅडमनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एकच कागद होता. त्यांनी तो आमच्याकडे फिरवला.

बहिणीच्या डिशमधल्या पेशी मुलाच्या होत्या.

औषधानं काहीच केलं नव्हतं. ते भावाचे गोळे होते, पहिल्यापासून धडधाकट, आणि आम्ही त्यांचं शंभर दिवस कौतुक करत होतो.

मला आनंद झाला. हे मी लिहायचं टाळत होते, पण झाला. हेमांगीचा चेहरा उतरताना मी बघितला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझा श्वास छातीत खालपर्यंत गेला.

मॅडमनी फ्रीजरचं रजिस्टर उघडलं. “पाच नंबर गोठवली कुणी?”

“मी,” मी म्हटलं. रजिस्टरमध्ये सही माझीच होती.

त्यांनी तारीख वाचली. माझ्या रजेआधीच्या शेवटच्या दिवसाची तारीख. त्या दुपारी मी दोन्ही मुलांच्या पेशी एकाच वेळी काढून बसले होते, कारण उद्यापासून उठायचं नव्हतं. लेबलं आधीच लिहून ओळीनं चिकटवून ठेवली होती. पाय सुजलेले, स्टूल पुरत नव्हतं. हूडच्या काचेवर माझ्याच अक्षरात पट्टी चिकटवलेली आहे, ‘एका वेळी एकच लाइन’, म्हणजे एका वेळी एकाच माणसाच्या पेशी. ती पट्टी मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचायला लावते. त्या दुपारी भावाची एक व्हायल बहिणीच्या ओळीत गेली.

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, “गोठवताना चूक होते, वृंदा. तुझी अवस्था तेव्हा मी बघितली होती. होते म्हणूनच तर काढल्यावर टेस्ट करायची.” मग हेमांगीकडे वळल्या. “तू टेस्ट का नाही केलीस?”

हेमांगीनं माझ्याकडे बघितलं.

तिनं बघितलं आणि मला आठवलं. राही दोन महिन्यांची, रडून लाल झालेली, आणि खांद्याशी दाबलेला फोन.

“ताई, पाच नंबर काढली आज. टेस्टला पाठवते.”

“मीच गोठवलीय ना ती?”

“हो, पण नियम आहे म्हणून.”

“नियम मी लिहिलाय, हेमांगी. माझ्या हातावर भरवसा नसेल तर पाठव. दहा दिवस जातील फुकट.”

ती म्हणाली होती, “नको मग. राहू दे. बाळ का रडतंय?”

केबिनमध्ये ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. शाळेत बाकावरची मैत्रीण आता उठून सांगेल म्हणून आपण थांबतो ना, तशी ती थांबली होती. माझ्या दुधाची वेळ झालेली. कुडत्यावर ओला डाग पसरत होता. मी ओढणी पुढे ओढून घेतली. तेवढंच केलं.

“माझ्याकडून राहिलं, मॅडम,” हेमांगी म्हणाली.

आवाज चढला नाही कुणाचा. बंगळुरूचं भाषण रद्द झालं. निबंध थांबला. हेमांगीचा करार मार्चपर्यंतच होता. तो पुढे वाढवायचा नाही, हे मॅडमनी तिथल्या तिथे तिला सांगितलं. पेशंटच्या आईला सूक्ष्मदर्शकातून दाखवल्याचंही तोवर त्यांच्या कानावर गेलं होतं. कुणी घातलं, ते विचारू नका.

संध्याकाळी मी हूडपाशी गेले तेव्हा ती गोळ्यांचं पाणी बदलत होती. वाया गेलेल्या गोळ्यांचं. इतक्या हलक्या हातानं की एक गोळासुद्धा हलत नव्हता.

“कशाला घालतेस आता?” मी विचारलं.

“आज दिवस आहे त्यांचा.” तिनं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही बोलाल असं वाटलं होतं.”

“मला ऐनवेळी आठवलंच नाही गं.”

“हं.”

तिनं हातमोजे काढले, एकात एक घालून टाकले. “राहीचा घेर किती झाला?”

“एक्केचाळीस.”

“मग ते टोपरं होत नसेल आता.”

“नाही होत,” मी म्हटलं.

ती गेल्यावर तिच्या वह्या माझ्याकडे आल्या. वह्या लॅबच्या असतात, माणसानं सोडून जायच्या असतात. पाच नंबर काढली ती तारीख मी शोधली. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘११.२० वृंदाताईंना फोन. टेस्ट नको म्हणाल्या. बाळ रडत होतं.’ तिनं ती वही मॅडमपुढे उघडली असती तर मी संपले असते. वही तेव्हा केबिनमध्ये तिच्या हातात होती. मी ती मिटली आणि कपाटात तिच्या जागी ठेवून दिली. पान फाडलं नाही. कुणाला दाखवलंही नाही. अजून तिथंच असेल.

अलकाताईंना फोन मी करायचा, असं मॅडम म्हणाल्या. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

“म्हणजे मी बघितले ते आमच्या दादाचे होते.”

“हो.”

“बरं.” मागे कुठेतरी बादली भरत होती. नळ बंद केल्याचा आवाज आला. “त्या हेमाताईंना बोलू नका हं काही. त्यांनी चांगल्या मनानं दाखवलं.”

मी पुन्हा चौदावं नाव घालून बघितलं, मग विसावंही. बहिणीचे गोळे साबुदाण्याएवढेच राहिले. दोन वर्षांनी त्यावर एक छोटा निबंध निघाला, कशाकशानं काही होत नाही ते सांगणारा. त्यावर माझं नाव पहिलं आहे. हेमांगी इचलकरंजीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या चाचण्या करते, असं कुणीतरी सांगितलं. नंबर माझ्याकडे आहे. राहीच्या प्रत्येक वाढदिवसाला मी तो काढून बघते.

राही आता सहा वर्षांची आहे. रविवारी सकाळी ती खेळत होती, तेवढ्यात मी डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर हे लिहीत होते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार वाजलं. मी उठून जाईपर्यंत ती बाहेर आली. एका हातात तिची कापडी बाहुली, आणि बाहुलीच्या डोक्यावर पिस्त्याच्या रंगाचं टोपरं. अगदी मापात बसलं होतं.

“हे कुणाचं?”

“तुझं. तू एवढीशी होतीस तेव्हाचं.”

“कुणी केलं?”

“हेमांगीमावशीनं.”

तिनं टोपरं काढून उलटं केलं, आतून बघितलं, वास घेतला. “हे तर नवंच आहे. मी घातलं नाही?”

“नाही, राहून गेलं.”

तिनं ते पुन्हा बाहुलीला घातलं आणि हनुवटीखाली बंद बांधत बसली. तिला गाठ येते पण फास येत नाही. मी पुढे होऊन बांधून देणार तेवढ्यात तिनं मान वर केली.

“मग तिचं तिला परत का नाही दिलंस?”